चेपलेली टाकी

१

थोरल्या मालकाच्या डोक्यावर तीन घाव होते. एक कानशिलावर, दोन मागे. प्रेत केव्हाच शवागारात गेलं होतं, पण रक्त अजून फरशीवरच होतं. त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळून तपकिरी राड झाली होती, आणि त्या राडीच्या मधोमध बिअरची तीन नंबरची टाकी उभी होती. उभी कसली, कंबरेत मोडली होती. दोन पुरुष उंचीची पोलादी टाकी, पण पोटात लाथ बसलेल्या माणसासारखी आत गेली होती.

ठोकेबाईंनी दाराशी चपला काढल्या, पिशवीतले गमबूट चढवले आणि पदर खोचला. मग पिशवीतून हातोडी काढली. एवढीशी, खलबत्त्यातल्या बत्त्याएवढी. गेली तीस वर्षं बाई सरकारच्या बॉयलर तपासनीस होत्या. शहरातला कुठलाही बॉयलर, कुठलीही टाकी त्या हातोडीने ठोकून बघायच्या आणि आवाजावरून सांगायच्या की पत्रा कुठे झिजलाय. खरं आडनाव आता त्यांच्या कार्यालयालाही आठवत नसेल. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि गुडघे त्याची रोज आठवण करून देत होते.

"मावशी, फुटली ना ही?" फौजदार म्हणाला. फौजदार म्हणजे बाईंचा सख्खा भाचा. कंबरेला पिस्तूल लावून हिंडायचा, पण मावशीसमोर अजून नाक पुसायचा.

"फुटली असती तर पत्रा बाहेर आला असता रे. हा आत गेलाय. तुझं डोकं शाळेपासून उलटंच चालतं."

"बरं, चेपली. मला एवढंच लिहून दे की हा अपघात नाही. तीन घाव आहेत, अपघातात माणूस तीनदा आपटत नाही. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी धडाम आवाज झाला. सगळे धावत आले. बघतात तर थोरला मालक खाली पडलेला आणि इथला जुना कामगार, भट्टीवाला, त्याच्यावर वाकलेला. हातात हा एवढा लोखंडी पाना, हात सोड्याने भाजलेले. मारलं, मग टाकी धुवायला लावून अपघाताचा देखावा केला. सरळ गोष्ट आहे."

"भट्टीवाला काय म्हणतो?"

फौजदाराने मान खाली घातली. "काही म्हणू शकत नाही. आपण यायच्या आत नोकरांनी त्याला बदडला. जबडा तीन ठिकाणी मोडलाय, बरगड्या गेल्यात. तारांनी तोंड शिवलंय. हातांना ही जाड बँडेजं, त्यामुळे लिहिताही येत नाही. पाच वाजता त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवून तुरुंगाच्या दवाखान्यात हलवायचाय. वरून साहेबांचा फोन दर अर्ध्या तासाला."

बाईंनी घड्याळ बघितलं. साडेअकरा. फोनचं ऐकून त्या सावध झाल्या, आणि त्याला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी एका गिरणीत बॉयलर फुटला तेव्हा घाई चालली होती, वरून फोन येत होते, आणि बाईंनी 'कामगाराची चूक' असं लिहून सही केली होती. त्या कामगाराने कोठडीत गळफास घेतला. चूक त्याची नव्हती, हे तिसऱ्या महिन्यात कळलं. तेव्हापासून बाई सही करण्याआधी दोनदा ठोकून बघतात.

त्या टाकीभोवती फिरल्या. वरचं झाकण घट्ट लावलेलं, सहाच्या सहा मळसूत्री चाव्या आवळलेल्या. सोड्याची नळी टाकीच्या तोंडाला पोलादी कड्याने पक्की बसवलेली. आणि एवढी पक्की बसवलेली नळी खाली टाकीच्या पायाला पुन्हा चिंधीने बांधलेली. दोन वेढे, मग एक उलटा, आणि टोक आत खोचलेलं.

"ही गाठ कोणी सोडू नका," बाई म्हणाल्या. "पंचनाम्यात आहे का ही?"

"चिंधी? मावशी, खून झालाय!"

"म्हणूनच विचारते."

२

काउंटरवाली चाळिशीची, भरल्या अंगाची, खड्या आवाजाची बाई होती. काउंटरवर एकही ग्लास नसताना ती फडक्याने ग्लास ठेवायची जागा पुसत होती.

"विचारा काय विचारायचं ते. मी पहिल्यापासून आहे इथे. हे पहिलं पिंप."

पिंप हेच दोघा भावांच्या बिअरच्या दुकानांचं नाव. जिथे बिअर शिजते तिथेच बसून प्यायची, असली जागा शहरात तेव्हा दुसरी नव्हती. थोरला भाऊ शिजवायचा, धाकटा लोकांना हाका मारून आणायचा, आणि भट्टीवाला दोघांचं ऐकायचा. लोक रांगा लावायचे. मग दुसरं पिंप निघालं, चौथं निघालं, पाहता पाहता नऊ झाली. धाकट्याच्या अंगावर सूट आला. नऊ ठिकाणी शिजवायला हात कुठून आणणार? म्हणून गावाबाहेर एक कारखाना काढला आणि तिथली बिअर गाडीने सगळीकडे जाऊ लागली.

"तिथेच चव गेली," काउंटरवाली म्हणाली. "चव गेली की चांगलं गिऱ्हाईक जातं. मग येतं ते मारामारीचं गिऱ्हाईक. तिसऱ्या पिंपात सुरे निघाले. पाचव्यात पहारेकऱ्याने एकाला जिन्यावरून ढकललं, तो पुन्हा चालला नाही. सातव्यात..." ती थांबली. "सातव्यात माझा भाऊ वाढायला होता. फुटका ग्लास डोळ्यात घातला त्याच्या. उजवा डोळा गेला. मी थोरल्याच्या पाया पडले, की ते पिंप बंद करा. त्याने केलं नाही. आणखी सहा महिने चालवलं."

"राग होता तुम्हाला त्याचा?"

"होता. आहे. मेला म्हणून जात नाही राग." तिने फडकं आपटलं. "पण मी नाही मारलं त्याला, बाई. मी वर खुर्च्या मांडून घेत होते, चौदा माणसं होती माझ्याबरोबर. आता हे एकच पिंप उरलंय आणि दुपारी बाराला ते विकत घेणारे लोक येणार होते. बाराला! आणि नऊला हे झालं."

"भट्टीवाल्याचं आणि थोरल्याचं वाकडं होतं?"

"काल कडाक्याचं भांडण झालं. भट्टीवाला ओरडत होता, 'मला नको, घेऊन जा तुमचं ते!' बावीस वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता."

"आणि आज सकाळी? तुम्ही खाली धावलात तेव्हा तो काही बोलला?"

काउंटरवालीचं पुसणं थांबलं. मग ती खाली बघून म्हणाली, "वेड्यासारखा ओरडत होता. पाना हातात, रक्ताने माखलेला, आणि ओरडतोय काय, तर 'झाकण कोणी लावलं? झाकण कोणी लावलं?' समोर माणूस मरून पडलाय आणि ह्याला झाकणाची पडलीये! आमची डोकीच फिरली. मारलं सगळ्यांनी. स्टुलांनी, बुटांनी." तिच्या डोळ्यात पाणी आलं. "मीसुद्धा मारलं, बाई."

ठोकेबाईंच्या कानात ते एकच वाक्य वाजत राहिलं. झाकण कोणी लावलं?

३

केमिस्ट वरच्या माळ्यावर काचेच्या नळ्यांमध्ये बसला होता. कारखाना निघाला तेव्हा ह्याला मोठ्या पगारावर आणलं होतं, आणि कारखाना बुडाल्यावर तो ह्या कोनाड्यात येऊन पडला होता. त्याच्या डाव्या डोळ्याखाली जुना होत आलेला काळानिळा डाग होता.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

"थोरल्याने. चार दिवसांपूर्वी. चव तुझ्यामुळे गेली म्हणाला आणि ठोसा मारला. मी परत मारला नाही. मला मारता येत नाही." तो हसला. "लिहून घ्या. कारण माझ्याकडेही आहे."

बाई स्टुलावर बसल्या आणि मुद्दामच भोळा चेहरा केला. "मी आपली बॉयलरवाली. वाफेतलं कळतं, बिअरमधलं नाही. ती टाकी चेपली कशी, एवढं समजावून सांगा की मला."

कुठल्याही शिकलेल्या माणसाला असं विचारलं की तो आपलं दुःख विसरतो. केमिस्ट सरसावला. "बिअर काढून घेतली की टाकीत हवा नसते, गॅस असतो. बिअरचाच. आणि गरम सोडा तो गॅस गटागटा पितो. आता झाकण बंद असेल तर गॅस सोड्याने प्यायला, आत काहीच उरलं नाही. मग बाहेरची हवा टाकीला दाबते. प्लास्टिकची बाटली तोंडाला लावून आतली हवा ओढली की कशी चेपते, तशी."

"ह्यावर काही उपाय नसतो?"

"वर एक झडप असते, हवा आत घेणारी. पण ती वाळलेल्या फेसाने चिकटली होती. भट्टीवाल्याने वरती तीनदा कळवलं होतं. धाकटे म्हणाले, आता विकायचंच आहे, कशाला दुरुस्त करता. म्हणून आम्ही काळजी घ्यायचो. धुण्याआधी झाकण उघडायचं, दिवसभर वारं लागू द्यायचं, मग सोडा. हा पहिल्या दिवसाचा धडा आहे, बाई. बंद टाकीत सोडा सोडणारा माणूस ह्या धंद्यात नसतो."

"तुम्ही सोडला असतात?"

"मी? झोपेतसुद्धा नाही!"

"भट्टीवाल्याने?"

केमिस्टचं तोंड उघडं राहिलं. हा प्रश्न त्याला सकाळपासून पडलाच नव्हता. "नाही," तो हळूच म्हणाला. "त्यानेच तर मला ही टाकी दाखवून शिकवलं."

"आणि सोडा सोडल्यापासून टाकी चेपायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं. फार तर तीन."

जिन्यातच फौजदार भेटला. बाईंनी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग सोपं झालं. ज्याला ह्यातलं काही कळत नाही त्याने केलं. काउंटरवाली!"

"तिला तो पंप कुठला आणि सोडा किती घालायचा हे तरी ठाऊक आहे का? पंप जोडला होता बरोबर. सोडा बरोबर. पाणी गरम, तेही बरोबर. चुकलं फक्त झाकण." बाई जिन्यावर गुडघा चोळत थांबल्या. "म्हणजे धुता येणाराच माणूस, पण टाकी न कळणारा. असा माणूस कुठून आणायचा आता?"

४

धाकटा मालक आपल्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून रडत होता. रडणं खोटं नव्हतं. बाईंनी आयुष्यात पुष्कळ रडणं बघितलं होतं. त्याचा सूट निळा होता, बूट कोरे होते, आणि मनगटावर चांगल्या चार बोटं रुंद पट्ट्याचं घड्याळ होतं.

"मी दारात पाय ठेवला आणि धडाम झालं," तो म्हणाला. "काउंटरवालीने बघितलंय मला आत येताना. पाच मिनिटं आधी आलो असतो तर माझा भाऊ वाचला असता, बाई. हेच मला खातंय."

"विकायचं दोघांचं ठरलं होतं?"

"दोघांचंही. नऊ पिंपांचं एक झालं, त्या एकाचंही काय होणार होतं? दादाच म्हणाला, विकून मोकळे होऊ. जागा, नाव आणि विरजण."

"विरजण?"

"यीस्ट. कामगार विरजण म्हणतात. पहिल्या दिवसापासून तेच जिवंत ठेवलंय, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत. घेणाऱ्यांना खरं म्हणजे तेच हवंय. बाकी चार भिंती कुणालाही मिळतात." त्याने डोळे पुसले. "आणि ते भट्टीवाल्याला पचलं नाही. आम्ही विकतोय हे. त्याने खाल्ल्या मिठाला जागायचं होतं, बाई! त्याला मी काका म्हणायचो."

"सकाळी तुम्ही टाकीच्या खोलीत गेला होतात का?"

"आवाज झाल्यावर. आधी कधीच नाही. मी त्या खोलीत जातच नाही. जन्मात कधी नळीला हात लावला नाही मी. माझं काम माणसांशी."

डोळे पुसताना त्याचा हात वर गेला, घड्याळ सरकलं, आणि पट्ट्याखाली मनगटावर गुळगुळीत चकाकणारी कातडी दिसली. बाईंच्या हाताखालच्या निम्म्या कामगारांच्या अंगावर तशी कातडी होती.

"भाजलं होतं का हो?"

"लहानपणी. गरम पाणी." त्याने पट्टा खाली ओढला.

बाई उठल्या, टाकीच्या खोलीच्या मागच्या दाराने गल्लीत गेल्या आणि इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराशी आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, पदर सावरत. तरी दीडच मिनिट लागलं.

त्या दारात पोचतायत तोच आतून फौजदाराची हाक आली. "मावशी! दवाखान्यावर दगडफेक चाललीये! भट्टीवाल्याला बाहेर काढा म्हणून थोरल्याची माणसं आरडाओरडा करतायत. मी पाचपर्यंत थांबू शकत नाही. मी त्याला आत्ताच हलवतो!"

५

"हलव," ठोकेबाई म्हणाल्या, "आणि वाटेत तुझ्या गाडीतून त्याला ओढून काढून ठेचला की मग माझ्याकडे ये. मी तुला गिरणीतला तो बॉयलर दाखवते. बावीस वर्षांपूर्वीचा."

भाच्याला ती गोष्ट ठाऊक होती. घरात सगळ्यांना ठाऊक होती, कारण त्या वर्षी मावशी दोन महिने जेवणाच्या ताटावरून उठून जायची. तो फोन काढून म्हणाला, "दवाखान्यावर आणखी दहा माणसं पाठवा. दाराला आतून कडी घाला." आणि बाईंकडे वळून, "तुझ्याकडे एक तास आहे. त्यापुढे माझी नोकरी जाईल."

बाई काउंटरपाशी गेल्या. "पहिल्या वर्षीच्या टाक्या अशाच होत्या का हो?"

"छे! तेव्हा कुठल्या पोलादी टाक्या. उघडी पिंपं होती, वर झाकणच नाही. त्यावरूनच तर नाव पडलं. फेस वर यायचा आणि सगळीकडे वास सुटायचा. बंद टाक्या दुसऱ्या पिंपाबरोबर आल्या." तिने मागच्या भिंतीकडे बोट केलं. "तो बघा फोटो."

फोटोवर धूर बसला होता. बाईंनी पदराने काच पुसली. तीन पुरुष गमबूट घालून एका लाकडी पिंपापुढे उभे. मधला थोरला, हसणारा. डावीकडे भट्टीवाला. उजवीकडे अठरा-एकोणीस वर्षांचा काडीसारखा तरुण, उघडा, खांद्यावर नळी, आणि मनगटाला पट्टी गुंडाळलेली. मागे पिंपाच्या पायाला नळी बांधलेली दिसत होती. चिंधीने. दोन वेढे, एक उलटा, टोक आत.

"तेव्हा नळीला कडं नव्हतं," काउंटरवाली सांगत होती. "पंप सुरू केला की सापासारखी उसळायची. एकदा उसळली आणि सोडा उडून त्या पोराचा हात भाजला. म्हणून भट्टीवाल्याने ती गाठ काढली. कडी आल्यावर कोण बांधतंय आता!"

"आणि हा पोरगा कोण?"

"ओळखू येत नाही ना? सुटाबुटाने माणूस किती बदलतो बघा." तिने नाव सांगायची गरज नव्हती.

बाई फोटोपासून वळून म्हणाल्या, "सकाळी भट्टीवाल्याला सगळ्यांनी मारलं म्हणालात. पहिला फटका कोणाचा होता?"

काउंटरवालीने आठवून बघितलं, आणि आठवता आठवताच तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तो झाकण झाकण ओरडत होता... आणि तेवढ्यात... धाकट्याने स्टूल उचललं. थेट तोंडावर. पहिला तोंडावर, दुसराही तोंडावर."

६

चौघांना टाकीच्या खोलीत बोलावलं. काउंटरवाली, केमिस्ट, धाकटा, आणि दाराशी फौजदार. मागे नोकर गर्दी करून उभे होते; सकाळच्या मारहाणीचं रक्त काहींच्या बुटांवर अजून होतं. बाईंनी दोन नंबरच्या टाकीजवळ पंप ठेवला होता. टाकीच्या पायावर एक फडकं सहज वाळत घातल्यासारखं टाकलं होतं.

"मला पंप एकदा चालवून बघायचाय," बाई म्हणाल्या. "ह्यात सकाळचाच सोडा आहे, उकळता. जरा लांब राहा. मला ते कडं काही बसवता येत नाही, पण चालेल."

"अहो बाई, कड्याशिवाय नको!" केमिस्ट किंचाळला, पण बाईंनी बटण दाबलं होतं.

नळी उसळली. फरशीवरून हातभर उंच उडाली, केमिस्टच्या पायाशी आपटली, तो ओरडत भिंतीला चिकटला. काउंटरवाली नोकरांच्या अंगावर जाऊन पडली. फौजदार दाराबाहेर गेला. नळीचं तोंड वळलं आणि फवारा सोडत धाकट्याच्या दिशेने आलं.

तो पळाला नाही. त्याने नळीवर पाय दिला, खाली वाकून गळ्यापाशी धरली, दुसऱ्या हाताने टाकीच्या पायावरचं फडकं ओढलं आणि बांधली. दोन वेढे, एक उलटा, टोक आत. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं सगळं. मग तो वाकलेलाच राहिला आणि आपल्या हातांकडे बघत बसला.

बाईंनी पंप बंद केला. "साधं पाणी आहे. कोमट. घाबरू नका."

मग त्या धाकट्याकडे वळल्या.

"जन्मात नळीला हात लावला नाही म्हणालात. तुमच्या हातांना ते सांगायचं राहिलं वाटतं." बाईंचा आवाज चढत गेला. "ही गाठ तीनच माणसांना येते. थोरल्याला, भट्टीवाल्याला, आणि तुम्हाला. बंद टाकीत सोडा सोडू नये हे इथे तिघांना ठाऊक. थोरल्याला, भट्टीवाल्याला, आणि ह्या केमिस्टला. ज्याला गाठ येते पण टाकी येत नाही असा माणूस एकच. जो उघड्या पिंपांवर शिकला आणि बंद टाक्या आल्या तेव्हा सूट घालून वरच्या माळ्यावर गेला. सोडा पुन्हा अंगावर उडेल म्हणून भ्यालात ना? म्हणून सहाच्या सहा चाव्या आवळल्यात. थोरला धुताना घसरून पडला असं दाखवायचं होतं. पंप चालू केलात, मागच्या गल्लीने पळालात, आणि पुढच्या दाराशी आलात तेव्हा टाकी चेपली. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालात हो तुम्ही!"

"मावशी, पण भट्टीवाल्यानेच मुद्दाम..." फौजदार बोलू लागला.

"अपघाताचा देखावा करणारा माणूस 'झाकण कोणी लावलं' असं ओरडेल? तो आला, पंप बंद करायला पाना उचलला, सोड्यात हात घातले, आणि एका नजरेत त्याला कळलं की हे थोरल्याचं काम नाही. तेच तो ओरडत होता. चौदा माणसांना काही कळलं नाही. धाकट्याला मात्र कळलं. म्हणून त्याने आधी भट्टीवाल्याचं तोंड फोडलं."

धाकट्याने पंपाशेजारी पडलेला दुसरा एक पाना उचलला. तो बाईंवर धावला तेव्हा त्याच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. फौजदार दाराबाहेर होता, मध्ये पाच ढांगा. बाई मागे सरकल्या नाहीत, गुडघ्यांनी त्यांना सरकू दिलं नसतं. पाना वर गेला आणि बाईंनी हातातली एवढीशी हातोडी त्या चकाकत्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पाना फरशीवर पडला.

मग नोकर पुढे सरसावले. सकाळचेच, तसेच मुठी वळून. कोणाच्या तरी हातात स्टूलही आलं होतं.

"मागे व्हा!" ठोकेबाई ओरडल्या. "एकदा मारून बघितलंत ना? हौस फिटली नाही का तुमची?"

स्टूल खाली गेलं. काउंटरवाली तोंडाला पदर लावून रडायला लागली.

धाकटा मनगट धरून फरशीवर बसला होता, आपल्याच भावाच्या रक्ताच्या डागावर. "तो म्हणाला, विरजण देऊन टाकलं," तो कुणालाच उद्देशून नाही असं बोलला. "बाराला माणसं येणार, आणि नऊला मला सांगतो, विरजण काकांना दिलं. नऊ पिंपं मी उभी केली. मी! आणि त्यातलं जे उरलं ते भट्टीवाल्याला. मी एकदाच मारणार होतो."

७

दवाखान्याच्या बाहेर दगड पडले होते, पण गर्दी पांगली होती. भट्टीवाल्याच्या खोलीबाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. तिच्या कपाळावर दगड लागून फुटलं होतं आणि तिने ते धुतलंसुद्धा नव्हतं. मांडीवर कापडात गुंडाळलेली काचेची बरणी होती, झाकणाला भोक पाडलेली.

"परवा थोरले मालकच विरजण घेऊन आले घरी," ती म्हणाली. "हे म्हणाले नको. काल तिथे जाऊन भांडलेसुद्धा, की भावाभावांमध्ये मला ओढू नका. पण मालक काही ते परत घेईनात. म्हणाले, विकलं तर मरेल, तुझ्याकडे जगेल. मग हे म्हणाले, आता आलंच आहे घरात, तर उपाशी ठेवू नकोस. म्हणून घेऊन बसलेय. बाई, त्यांना नेणार का हो आता?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कुठेही नेणार नाही. बरे झाले की घरीच." आणि एवढं बोलून त्यांनाच रडू आलं. बावीस वर्षांचं होतं ते, त्यामुळे थांबायला वेळ लागला. बायको आपली बरणी सांभाळत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आत भट्टीवाला डोळे उघडे ठेवून पडला होता. चेहरा सुजून दुप्पट झाला होता. बाईंनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. गाठ, झाकण, मनगट. कोण ते सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं.

मग त्याने बँडेजमधलं एक मोकळं बोट हलवलं. बायकोला कळलं. तिने नर्सकडून पाटी आणली, बोट आणि बँडेजच्या बेचक्यात पेन्सिल धरून दिली. एकेक अक्षर काढायला त्याला फार वेळ लागला. बाई थांबल्या. त्यांना आता कुठेच सही करायची नव्हती.

पाटीवर वाकडंतिकडं लिहिलं होतं: 'मीच शिकवला होता त्याला. टाक्या आल्या तेव्हा हाक मारली, ये, हेही शिकून घे. नंतर येतो म्हणाला.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. बाकावरची बरणी बायकोने आत आणून त्याच्या उशाशी ठेवली. आतला फेस झाकणापर्यंत चढला होता. तिने झाकण थोडं सैल केलं.